पारख्याची परीक्षा

घोड्याचा आणि ठाकुर्लीचा संबंध काय, असा प्रश्न पुष्कळांना पडेल. डोंबिवली आणि कल्याण यांच्यामध्ये वसलेले हे आमचे गाव. येथे घोड्यांचा बाजार भरत नाही, शर्यतीचे मैदान नाही. लग्नसराईत एखादा पांढरा घोडा झूल पांघरून बँडच्या मागून स्टेशनच्या रस्त्याने जातो, तेवढेच आमचे अश्वदर्शन. पण रेल्वेला वीज पुरवण्यासाठी १९२९ साली येथे एक पॉवर हाऊस सुरू झाले. पुढे ते बंद पडले, तरी जुन्या माणसांच्या बोलण्यात ते अजून आहे. यंत्राची ताकद आली की अश्वशक्ती हा शब्द आलाच. अठराव्या शतकात जेम्स वॅटने हिशेब मांडला की एक घोडा एका मिनिटात ३३,००० फूट-पौंड काम करतो, आणि मग पंपापासून इंजिनापर्यंत सारी यंत्रे त्या मापाने मोजली जाऊ लागली. घोडा रस्त्यावरून गेला, पण त्याचे माप मागे राहिले.

या मापाची मला नेहमी गंमत वाटते. वॅटने हिशेबाला धरला तो गिरणीचे चाक फिरवणारा, ओझ्याचा घोडा. त्याच्या जागी शर्यतीचा घोडा चाकाला जुंपला असता, तर त्याने तासाभरात दावे तोडले असते. आणि चाकाचा घोडा शर्यतीत उतरवला असता, तर बाकीचे घोडे तबेल्यात परतल्यावर तो शेवटच्या खांबाशी पोहोचला असता. मग यांतला चांगला घोडा कोणता? ‘चांगला’ हा शब्द तोंडातून निघाला की त्याच्या पाठोपाठ ‘कशासाठी?’ हा प्रश्न येतोच. आपण तो विचारत नाही, एवढेच.

हा प्रश्न सर्वांत निकडीचा होतो तो पैदाशीचा घोडा निवडताना. गाईगुरांत ज्याला आपण वळू म्हणतो, तोच मान घोड्यांमध्ये याचा. घोडी ११ महिने शिंगरू पोटात वाढवते, म्हणजे वर्षाला फार तर एक. घोडा मात्र एका हंगामात शंभराहून अधिक शिंगरांचा बाप होऊ शकतो. घोडीची निवड चुकली तर एका घरचे नुकसान होते. घोड्याची चुकली तर साऱ्या मुलखाचे. शिवाय ही चूक लगेच कळतही नाही. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर १९४३ सालापासून धावली जाणारी इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. आज केलेल्या निवडीचा तेथला निकाल हाती यायचा तो पाच वर्षांनी. पाच वर्षे ज्याचा पडताळा मिळत नाही असा निर्णय माणूस कोणत्या आधारावर घेतो, हे पाहण्यासारखे आहे.

पहिला आधार डोळ्यांचा. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावाने अश्वविद्या चालत आली. पांडवांमध्ये नकुल घोड्यांचा जाणकार. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यातही घोड्यांना जागा आहे. (ही कल्याणी म्हणजे आमच्या शेजारचे कल्याण नव्हे; ती कर्नाटकातली.) मराठी मुलखात तर घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांचे एक शास्त्रच होते. गळ्यावरचा देवमण शुभ, डोळ्याखालचा आंसूढाळ अशुभ. चारही पाय आणि तोंड पांढरे असेल तर तो पंचकल्याणी. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो, तेथे आजही या खुणांवरून किंमत चढते आणि उतरते.

आजच्या शिकलेल्या माणसाला याचे हसू येईल. मला ते पूर्ण येत नाही, कारण महाभारतातली एक गोष्ट आठवते. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून अयोध्येच्या ऋतुपर्णाला एका दिवसात विदर्भातले कुंडिनपूर गाठायचे होते. त्याचा सारथी बाहुक, म्हणजे रूप पालटलेला नल, तबेल्यात गेला आणि त्याने निवडून आणले ते रोडके घोडे. राजा चिडला. असल्या मरतुकड्यांनी एवढी वाट कशी सरणार, असे त्याने विचारले. नलाने त्यांच्या अंगावरचे भोवरे दाखवले, आणि तुला दुसरे हवे असतील तर सांग, तेच जोडतो, असेही म्हटले. शेवटी रथाला जुंपले गेले ते नलाचेच घोडे, आणि ते वाऱ्यासारखे गेले.

गोष्टीत भोवऱ्यांचा महिमा असला, तरी मला तिच्यात दुसरेच काही दिसते. ऋतुपर्ण राजा होता. त्याच्या डोळ्यांत मिरवणुकीचा घोडा होता, गलेलठ्ठ आणि चकचकीत. नलाच्या डोळ्यांत वाट होती. जाणकार आणि हौशी यांत फरक पडतो तो येथे. जाणकार आधी काम पाहतो आणि मग त्या कामाच्या नजरेने घोडा पाहतो.

दुसरा आधार कुळीचा. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपण म्हणतो. घोडेवाल्यांनी मात्र मूळ विचारण्याचाच धंदा केला. इंग्लंडात शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळीचे पुस्तक १७९१ साली छापले गेले. जगातल्या थरोब्रेड जातीच्या सगळ्या घोड्यांची बापाकडची परंपरा तीनच घोड्यांपाशी जाऊन थांबते. त्यांतला डार्ली अरेबियन हा १७०४ साली सीरियातल्या अलेप्पोहून इंग्लंडात नेला गेला, आणि आजच्या बहुतेक थरोब्रेड नरांचा मूळपुरुष तोच आहे. अरबी घोड्याचे हे मोल मुंबईलाही ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकात आखातातून गलबते भरून घोडे या बंदरात उतरत, आणि पलटणीपासून शर्यतीपर्यंत त्यांना गिऱ्हाईक असे.

पण खाण तशी माती ही म्हण घोड्याच्या बाबतीतही अर्धीच खरी ठरते. एकाच आईबापांची दोन शिंगरे. एक डर्बी जिंकते आणि दुसरे एकही शर्यत जिंकत नाही, हे नित्याचे आहे. कॅनडात १९६१ साली जन्मलेला नॉर्दर्न डान्सर एक वर्षाचा असताना २५,००० डॉलरला विक्रीस ठेवला होता. कुळी चांगली, पण चण लहान. कोणी घेतला नाही. त्याने १९६४ साली केंटकी डर्बी बरोबर दोन मिनिटांत जिंकली, आणि पुढे पैदाशीचा घोडा म्हणून तो असा गाजला की आजच्या बहुतेक थरोब्रेड घोड्यांच्या वंशावळीत त्याचे नाव कोठे ना कोठे सापडते. गिऱ्हाइकांनी वंशावळ वाचली होती, घोडाही पाहिला होता. तरी त्यांचे पैसे खिशातच राहिले. वंशावळीचा कागद आशा ठेवायला जागा देतो. हमी देत नाही.

तिसरा आधार कर्तृत्वाचा. स्वतः जो धावला, त्याची मुले धावतील, हे सरळ वाटते. सेक्रेटेरिएट हा अमेरिकन घोडा १९७३ साली बेलमाँटची दीड मैलांची शर्यत दोन मिनिटे चोवीस सेकंदांत धावला. दुसरा घोडा त्याच्या ३१ लांबी मागे होता. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. अशा घोड्याची मुले म्हणजे काय विचारता! पण त्याच्या पुत्रांपैकी त्याच्या तोडीचा एकही निघाला नाही. लोक निराश झाले. मग काही वर्षांनी ध्यानात आले की त्याच्या मुलींच्या पोटी आलेले घोडे असामान्य आहेत. स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी हे दोघेही त्याच्या मुलींचे मुलगे, आणि दोघेही पैदाशीत अग्रगण्य ठरले. थोर बापाचे देणे नातवंडांपर्यंत पोहोचले ते मुलींच्या वाटेने. सगळे मात्र मुलग्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते.

येथे जरा थांबले पाहिजे. घोड्यांच्या व्यवहारात नाव चालते बापाचे. अमक्याचे शिंगरू म्हटले की अमका म्हणजे बाप. पण शिंगराच्या रक्तात आईचा वाटा निम्मा असतो. पेशींना शक्ती पुरवणाऱ्या सूक्ष्म कणांचा वारसा तर केवळ आईकडूनच येतो. शिवाय ११ महिन्यांचे पोषण तिचे आणि पहिले धडेही तिचेच; भिऊन उधळावे की उभे राहून पाहावे, हे शिंगरू तिच्या अंगाला लागून शिकते. महालक्ष्मीची पहिली डर्बी जिंकली तीही प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या एका मादीने. घरोघरच्या वाचक भगिनींना यात नवल वाटणार नाही. पोराने नाव काढले तर बापासारखा, आणि खोड काढली तर आईच्या वळणावर, हा हिशेब आपल्या घरांतूनही चालत आलेला आहे.

चौथा आधार सर्वांत पक्का, तो संततीचा. ज्याची मुले धावली तो बाप चांगला. पण हे कळेपर्यंत वर्षे गेलेली असतात. आता विज्ञानाने आणखी एक आधार दिला आहे. २०१० साली डब्लिनच्या संशोधकांनी दाखवून दिले की स्नायूंच्या वाढीशी संबंध असलेल्या एका जनुकाच्या प्रकारावरून, घोडा छोट्या पल्ल्याचा की लांब पल्ल्याचा याचा अंदाज बांधता येतो. रक्ताचा एक थेंब पुरतो. देवमणाची जागा आता प्रयोगशाळेने घेतली, असे कोणी म्हणेल. मला त्यात विशेष वाटते ते हे, की प्रयोगशाळासुद्धा ‘चांगला’ असे उत्तर देत नाही. ती विचारते, पल्ला किती? प्रश्न पुन्हा तोच.

शर्यतीच्या घोड्याला निदान घड्याळ आहे. कामाच्या घोड्याचे काय? कल्याण स्टेशनाबाहेर टांगे उभे राहत, त्या काळात एका वृद्ध टांगेवाल्याशी माझी ओळख होती. घोड्यात काय पाहायचे, असे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, “साहेब, उभा घोडा सगळेच बघतात. गाडीची शिट्टी झाली, बाजूला हमालानं पत्र्याची पेटी आदळली, की त्याच्याकडे बघा. कान हलले तर चालतील, पाय हलता कामा नये.” मी विचारले, “आणि मामा, शिंगरासाठी बाप निवडायचा झाला तर?” ते हसले. “बापाच्या अगोदर त्याच्या मालकाला बघीन. मालक चाबूक कुठं ठेवतो, ते बघायचं.”

ज्या गुणांविषयी ते बोलत होते, त्यांची नोंद कोठल्याही पुस्तकात होत नाही. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांतल्या भीमथडी तट्टांमध्ये हेच गुण होते. उंची बेताची, रूप बेताचे; पण खूर कणखर, खाणे थोडे, आणि दगडधोंड्यांच्या वाटेने दिवसचे दिवस चालण्याची तयारी. मराठ्यांच्या घोडदळाने मुलूख पालथा घातला तो अशा घोड्यांवर. त्या फौजेत बारगीर सरकारी घोड्यावर बसे आणि शिलेदार स्वतःच्या. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची पत आणि पोट दोन्ही जात. अशा माणसाने घोड्याचे शिंगरू निवडताना दिखाऊपणाला भुलणे शक्यच नव्हते. त्याच्या निवडीवर त्याचे घर चाले. पुढे फौजा गेल्या, आणि ही तट्टे धनगरांच्या बिऱ्हाडांबरोबर, पाठीवर संसार आणि कोकरे घेऊन चालत राहिली. अलीकडे, इतक्या उशिरा, राष्ट्रीय पातळीवर भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, हे बरे झाले.

मोजपट्टीचा एक धोका असा की जे मोजता येते त्याचीच निवड होत जाते. वेग सेकंदात मोजता येतो, म्हणून वेगाचे बाप निवडले गेले. शांतपणा, काटकपणा, थोडक्यात भागवणे यांना घड्याळ नाही; ते गुण कोणी टाकून दिले नाहीत, त्यांच्याकडे फक्त कोणी पाहिले नाही. न पाहिलेले गुण दोन-चार पिढ्यांत मुकाट्याने निघून जातात. आणि एकाच नामांकित घोड्याची मुले सगळीकडे झाली, की त्याच्या गुणांबरोबर त्याची व्यंगेही सगळीकडे होतात.

दिवाळी संपली की तुळशीचे लग्न लागते आणि आपल्याकडे स्थळे पाहण्याला जोर येतो. म्हणून येथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. आपण पत्रिका जुळवतो, तिच्यात ३६ गुणांपैकी चार गुण योनीचे असतात, आणि त्या योनींमध्ये घोडाही आहे. अश्विनी आणि शततारका या नक्षत्रांवर जन्मलेल्यांची योनी अश्व. तिचे महिष योनीशी वैर. वधूवरांच्या बैठकीत घोडा असा आधीच येऊन बसलेला आहे! एवढ्यावर हसून सोडून देता आले असते. पण फ्रान्सिस गाल्टनने १८८३ साली माणसांच्या सुप्रजाजननाला नाव दिले, आणि विचार मांडला तो हाच, की घोड्यांची आणि कुत्र्यांची पैदास सुधारता येते, तर माणसाची का नको? हा शब्द मराठीतही एके काळी चांगला रुळला होता. या विचाराचा शेवट विसाव्या शतकात कोठे झाला, हे जर्मनीच्या इतिहासावरून साऱ्या जगाने पाहिले आहे.

या विचारात चूक कोठे आहे? माणूस घोड्याहून श्रेष्ठ आहे, म्हणून घोड्याचा न्याय त्याला लावू नये, असे पुष्कळ लोक म्हणतात. मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. माझ्या मते चूक ‘कशासाठी?’ या प्रश्नातच आहे. घोडा निवडता येतो, कारण तो कशासाठी हवा हे निवडणाऱ्याने आधीच ठरवलेले असते: टांग्यासाठी, डोंगराच्या वाटेसाठी, दीड मैलाच्या शर्यतीसाठी. जन्माला येणारे मूल कशासाठी आहे, हे कोणी ठरवायचे? आजोबांनी? जातीने? सरकारने? ज्या क्षणी आपण त्याचे काम आधीच ठरवून टाकतो, त्या क्षणी आपण त्याला दावणीला बांधलेले असते. स्थळ पाहताना कुळाची, शिक्षणाची, पगाराची चौकशी करावी. मी काही संन्यासी नाही, मीही ती केली आहे. पण अमक्या घरातली म्हणून अमकी मुले होतील, हा हिशेब जेथे सुरू होतो, तेथे आपण मंडपातून निघून तबेल्यात शिरलो असे समजावे.

आता राहिला घोडा. त्याचे काम आपण ठरवले. मग आपण मोकळे झालो काय? येथे मला तर उलटे वाटते. शिंगराने जन्म मागितलेला नसतो, शर्यतही मागितलेली नसते. शंभर शिंगरांतली थोडीच जिंकतात, हे बाप निवडतानाच आपल्याला माहीत असते. उरलेली हरणार हेही तितकेच माहीत असते. हरलेल्यांपैकी काही रपेटीच्या शाळांत जातात, काहींना दयाळू घर मिळते, आणि काही हातोहाती विकली जात कोठे जातात, ते विचारायला कोणी उरत नाही. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हा घोड्यांच्या हालांची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या चर्चेत एक प्रश्न फारसा आला नाही: काम संपल्यावर घोड्याचे कोण?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या आधी निवडणाऱ्याने द्यायला हवे. ज्याने ‘कशासाठी?’ याचे उत्तर ठरवले, त्यानेच त्या उत्तरात न बसलेल्या जिवाचा भार घ्यावा. पैदाशीचा घोडा विकत घेणारा त्याची कुळी पाहतो, पाय पाहतो, घड्याळ पाहतो, आता रक्तही तपासतो. त्याच वेळी त्याने आपल्या मागच्या आवाराकडेही एकदा पाहावे. न जिंकणाऱ्या शिंगरासाठी तेथे गवत आणि सावली आहे काय? असेल, तर त्याने खुशाल निवड करावी. त्याची निवड चुकली तरी अन्याय होणार नाही. नसेल, तर जगातला सर्वांत उमदा घोडा आणला तरी ती निवड चांगली म्हणता येणार नाही.

मालक चाबूक कोठे ठेवतो ते पाहावे, असे त्या टांगेवाल्यांनी सांगितले होते. त्यात मी एवढीच भर घालीन: म्हातारे घोडे तो कोठे ठेवतो, तेही पाहावे.